मानेची उजवी बाजू

डार्लीन बिलिक दवाखान्यात आली ती स्वतःच्या दुखण्यासाठी नव्हे, हे ती कोट न काढता खुर्चीच्या टोकावर बसली त्यावरूनच कोलेटला कळलं. मार्च संपत आला होता. रस्त्याच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग अजून तसेच होते आणि डार्लीनच्या बुटांचं पाणी फरशीवर पसरत चाललं होतं.

"ओरेस्टची मान," ती म्हणाली. "गळ्याचा पट्टा काढून कितीतरी दिवस झाले. हाड जुळलंय म्हणतात. पण मान वळत नाही. आडवा म्हणून होत नाही, खुर्चीत बसल्या बसल्या झोपतो. डॉक्टर म्हणतात, आता फिजिओच."

"थंडर बे शहरात चांगली माणसं आहेत. मी नावं देते ना तुला."

"तीन तास जायला, तीन तास यायला. गाडी तो चालवत नाही. मी चालवली तर दाराची मूठ धरून डोळे मिटून बसतो. एकदा नेला होता. परत येताना इतका घाम फुटला त्याला की मला गाडी कडेला घ्यावी लागली." डार्लीननं हातमोजे मांडीवर ठेवले, पुन्हा उचलले. "तू नाही म्हणालीस तर मला वाईट वाटणार नाही, कोलेट. मी त्याला न सांगता आलेय. कळलं तर माझीच मान मोडेल तो."

"म्हणजे मला दोन माना बघाव्या लागतील."

दोघी हसल्या, आणि हसलो म्हणून दोघींनाही कसंतरीच झालं.

कोलेट त्या गावातली एकटी फिजिओथेरपिस्ट. कॅनडातलं, मोठ्या सरोवराच्या काठचं गाव, कागदाच्या गिरणीवर वाढलेलं आणि आता गिरणी अर्धीच चालत असल्यामुळे अर्धंच उरलेलं. गावातल्या बहुतेक माना, खांदे आणि कंबरा तिच्या हाताखालून गेल्या होत्या. ओरेस्टची मात्र नव्हती. तो तिच्या नवऱ्याचा, आर्नी कोस्केलाचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघं एका वर्गात, एका हॉकीच्या संघात, मग गिरणीत एका पाळीत. दर ऑक्टोबरला दोघं ओरेस्टच्या गाडीतून मूसच्या शिकारीला जात. मूस म्हणजे घोड्याहून उंच जनावर. गाडी त्याच्या पायांवर आदळली की वरचं सगळं धूड काच फोडून आत येतं. गेल्या ऑक्टोबरला आठवडाभर रानात बसून दोघांना एकही मूस दिसला नव्हता. घरी परतताना, अंधार पडता पडता, हायवेवर दिसला.

ओरेस्ट डावीकडे बसून गाडी चालवत होता. आर्नी त्याच्या शेजारी, उजवीकडे बसला होता.

आर्नी जागच्या जागी गेला, असं सगळ्यांनी कोलेटला सांगितलं. ओरेस्टनंच पोलिसांना तसं सांगितलं होतं: त्याला काही कळलंसुद्धा नाही, दिवा विझावा तसा गेला. हे वाक्य मग गावभर झालं. चर्चमध्ये, दुकानात, फोनवर जो तो तिला ते देत राहिला, आणि तिनंही ते घेतलं. घ्यायला दुसरं होतंच काय? आर्नीला पुरलं तेव्हा ओरेस्ट थंडर बेच्या इस्पितळात, मान हलू नये म्हणून डोक्याभोवती लोखंडी कडं बसवून पडला होता. घरी आल्यावरही तो तिच्याकडे फिरकला नाही. डार्लीन कोबीच्या पानात भात भरून केलेल्या गुंडाळ्यांचं भांडं घेऊन दोनदा येऊन गेली, तेवढंच.

"मंगळवारी घेऊन ये," कोलेट म्हणाली. "डॉक्टरांचे कागद आण सोबत."

मंगळवारी ओरेस्ट आला तेव्हा कोलेटला तो ओळखू येईना. बैलासारखा माणूस, निम्मा झालेला. दारातून आत येताना त्यानं अख्खं अंग वळवलं, खांदे, छाती, पाय, एखादं कपाट फिरवावं तसं. डार्लीन बाहेर बसली.

"बस," कोलेट म्हणाली.

तो बसला. तिच्याकडे पाहिलं नाही. पाहायला मान उजवीकडे न्यावी लागली असती. तिनं ते ताडलं आणि स्वतःच खुर्ची त्याच्या समोर ओढली.

आधी सगळ्यांना विचारते ते तिनं त्याला विचारलं. चक्कर येते का? एकाचे दोन दिसतात का? गिळताना त्रास? हाताला मुंग्या, बोटं बधिर? चालताना तोल जातो का? तो सगळ्याला नाही म्हणत गेला. तिनं त्याच्या पंजाची ताकद बघितली, कोपराशी रबरी हातोडीनं ठोकून पाहिलं. शल्यविशारदानं लिहिलं होतं की हाड पक्कं आहे, हलक्या हातानं काम करायला हरकत नाही. मग तिनं त्याला मान हलवायला सांगितली. खाली, बऱ्यापैकी. वर, थोडी. डावीकडे, चांगली. उजवीकडे म्हटल्यावर हनुवटी मधल्या रेषेतून जराशी सरकली आणि थांबली. कपाळावर घाम आला.

"दुखतं?"

"दुखत नाही. जातच नाही. पुढे भिंत आहे."

"आडवा हो."

"कोलेट..."

"आडवा हो, ओरेस्ट. टेबल मजबूत आहे. यावर फादर मिशो झोपून गेलेत."

तो हळूहळू आडवा झाला. ती त्याच्या डोक्याशी स्टुलावर बसली आणि दोन्ही तळवे त्याच्या डोक्याखाली सरकवले.

"तू ते कडाककन मोडतेस का? सिनेमातल्यासारखं?"

"तुझी मान मोडायची असती तर मी मार्चपर्यंत थांबले नसते."

तोंडातून निघून गेलं ते. ओरेस्टनं श्वास रोखला, आणि मग त्याच्या छातीतून एक घरघरल्यासारखं हसू आलं. हसताना क्षणभर त्याचं डोकं तिच्या हातात जड झालं, आणि लगेच पुन्हा हलकं.

माणसाचं डोकं जड असतं. जो मान खरंच सैल सोडतो त्याचं डोकं कलिंगडासारखं तळव्यात बसतं. ओरेस्टचं डोकं तिच्या हातांवर नव्हतंच. तो ते स्वतःच उचलून धरून होता, कोणी विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू धरावी तसं. कवटी आणि मान मिळतात तिथे, दोन्ही बाजूंना, बोटांच्या पेरांएवढे लहान स्नायू असतात. तिनं बोटं वाकवून त्यांच्याखाली नुसती टेकवली. दाबलं नाही, चोळलं नाही. या कामात वाट बघणं हेच मुख्य. बोटांवर डोक्याचं वजन येत राहतं, आणि कधीतरी आतलं काहीतरी लोण्यासारखं विरघळतं.

"डोकं माझ्या हातात सोड."

"सोडलंय."

"नाही सोडलंस."

त्या दिवशी काहीच विरघळलं नाही. टॉवेलची गुंडाळी मानेखाली कशी ठेवायची, दिवसातून थोडं थोडं काय करायचं ते तिनं दाखवलं आणि पुढच्या मंगळवारी यायला सांगितलं. तो गेल्यावर तिनं उशीचा अभ्रा बदलला. हात धुतले. त्याच्या केसांना त्याच्या जुन्या टोपीचा, आर्नीच्या टोपीला यायचा तोच गिरणीचा आंबूस वास होता. तिनं पुन्हा हात धुतले.

एप्रिलभर तो येत राहिला. सरोवरावरचा बर्फ फुटला, रस्त्यावर चिखल झाला. पालथा झोपवून ती अंगठ्यांनी एकेका मणक्यावर हलके झोके द्यायची, दार कुरकुरतं का बघावं तसे. कधी बसवून त्याची हनुवटी धरायची आणि म्हणायची, "माझ्या हाताला हळूच ढकल. अंडं फुटणार नाही इतकंच. धर. आता सोड." सोडल्यावर तो आपोआप कणभर पुढे जायचा, मग पुन्हा तेच. पाठीचा वरचा भाग मोकळा झाला. तो आडवा झोपायला लागला, असं डार्लीननं सांगितलं आणि सांगताना रडली. खांदे उतरले. फक्त उजवीकडची भिंत जागेवर होती.

त्या भिंतीचं कोलेटला नवल वाटायला लागलं होतं. कारण ती भिंत मणक्यात नव्हती. एका मंगळवारी गिरणीत पूर्वी फोरमन असलेल्या माणसाची नक्कल करताना ओरेस्ट रंगात आला होता, आणि तिनं बोलता बोलता त्याचं डोकं तळव्यांवर उजवीकडे नेलं. गेलं. तेल दिलेल्या बिजागरीसारखं, जवळजवळ खांद्यापर्यंत गेलं. ओरेस्टच्या लक्षात आलं तसं त्याचं सगळं अंग ताठ झालं, आणि त्यानं दोन्ही हातांनी टेबलाच्या कडा धरल्या.

"परत घे!"

तिनं डोकं सावकाश मध्ये आणलं.

"ओरेस्ट, सांधा मोकळा आहे. मी नेते तेव्हा जातो. तू नेत नाहीस."

"मी मुद्दाम करतो म्हणतेस?"

"तसं नाही म्हणत. मान तुला अडवते आहे. कशापासून, ते मला माहीत नाही."

तो छताकडे बघत राहिला. ती त्याच्या डोक्यामागे बसलेली असल्यामुळे तिला त्याचा चेहरा उलटा दिसत होता. डोळ्यांतलं पाणी कपाळाच्या बाजूला, कानांकडे ओघळत होतं.

"तो बोलत होता," ओरेस्ट म्हणाला.

"कोण?"

तिला कळलं होतं कोण. तरी विचारलं.

"गाडीचं छप्पर खाली आलं होतं. माझं डोकं डावीकडे वळलेलं तसंच दाबलं गेलं, खिडकीकडे. हलता येईना. मला तो दिसत नव्हता, कोलेट. मला फक्त ऐकू येत होतं. मला भीती वाटते, मान वळवली की दिसेल."

भिंतीवरच्या हीटरमधून टिकटिक आवाज येत होता. कोलेटचे हात त्याच्या डोक्याखाली होते. काढून घ्यावेत असं तिला वाटलं, पण काढले तर त्याचं बोलणं थांबेल हेही कळत होतं.

"जागच्या जागी गेला म्हणाला होतास."

"तुला काय सांगायचं होतं मी?"

"किती वेळ?"

"माहीत नाही. बराच. आधी चांगला बोलत होता. मला विचारलं, जिवंत आहेस का रे. म्हटलं आहे. मग त्या मूसला म्हणाला, 'आठवडाभर कुठे होतास रे हरामखोरा?'"

कोलेटला हसू आलं. ते पोटातून आलं, आवरेना, आणि मध्येच त्याचं दुसरंच काही झालं. कारण हे वाक्य दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. म्हणजे हे खरं होतं. म्हणजे दिवा विझावा तसा वगैरे काही झालं नव्हतं. आर्नी त्या थंडीत, त्या चुराड्यात, थट्टा करण्याइतका शुद्धीवर होता.

"मग?"

"मग म्हणाला, पाय कळत नाहीत. मी म्हटलं, येतील आता कोणीतरी. गाड्याच नव्हत्या रस्त्याला."

ती वाट बघत राहिली. तिला विचारायचं नव्हतं. इतके महिने ज्या प्रश्नाची गरजच नव्हती तो आता तोंडात आला होता आणि गिळता येत नव्हता.

"माझ्याबद्दल काही बोलला?"

ओरेस्टनं डोळे मिटले.

"हो," तो म्हणाला. "तुझं नाव घेतलं ना. म्हणाला, कोलेटला सांग, की... की माझं तिच्यावर फार प्रेम होतं."

आणि तिच्या बोटांवर, कवटीखालचे ते लहान स्नायू, जे ती महिनाभर मऊ करत होती, दोन्ही बाजूंनी एकदम गारगोटीसारखे घट्ट झाले.

तिनं काहीच केलं नाही. बोटं तशीच ठेवली. दुखण्यानंही स्नायू आवळतात, रडण्यानंही आवळतात. खरं बोलतानाही गळा दाटून येतोच की. हे सगळं तिला माहीत होतं, आणि त्यातलं काहीएक तिच्या बोटांना पटत नव्हतं. शिवाय आर्नी तसलं वाक्य आयुष्यात बोलला नव्हता. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो फक्त म्हणाला होता, चल, चांगलं झालं.

"बरं," ती म्हणाली. "आज एवढं पुरे."

पुढच्या मंगळवारची वेळ तिनं रद्द केली. त्याच्या पुढचीही. डार्लीनला फोनवर सांगितलं की अंगठा दुखावलाय. बाकीचे पेशंट ती बघत होती. अंगठ्याबद्दल डार्लीननं काही विचारलं नाही.

ते दोन आठवडे कोलेटनं घरात काय केलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. आर्नीचे कपडे तिनं हिवाळ्यातच देऊन टाकले होते. 'त्याला काही कळलंसुद्धा नाही' या वाक्यावर ती इतके महिने उभी होती. जेवली होती, झोपली होती, कामावर गेली होती. आता ते वाक्य गेलं, आणि त्याच्या जागी ओरेस्टनं जे दिलं होतं ते उचलून बघायचीही तिला हिंमत नव्हती. एकदा भांडी घासता घासता तिनं मोठ्यानं म्हणून पाहिलं, 'माझं तिच्यावर फार प्रेम होतं.' आर्नीच्या आवाजात ते बसेना. ओरेस्टच्याच आवाजात येत राहिलं.

मग तिनंच फोन केला.

"अंगठा बरा आहे. उद्या ये."

तो आला. या वेळी तिनं त्याला टेबलावर घेतलं नाही. खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली, गाडीत आर्नी बसला असेल तिथे, तितक्याच अंतरावर.

"तू बघू नकोस माझ्याकडे," ती म्हणाली. "समोर बघ आणि खरं सांग. मागच्या वेळी तू खोटं बोललास."

"कोलेट, मी..."

"चांगल्या मनानं बोललास. कळतं मला. पण तुझी मान माझ्या हातात होती, ओरेस्ट."

बाहेर डार्लीन कोणाशी तरी हवेबद्दल बोलत होती.

"मला समजलं नाही तो काय बोलला," शेवटी तो म्हणाला. "हे खरं आहे. पाय कळत नाहीत म्हणाला, त्यानंतर इंग्रजी बोललाच नाही. फिनिशमध्ये बोलायला लागला. आईशी बोलायचा तसं. खूप बोलला गं. मध्येच थांबायचा, कोणी उत्तर देतंय असं, मग पुन्हा बोलायचा. मी म्हणत होतो, आर्नी, नीट बोल, मला कळत नाही. त्याला मी ऐकूच येत नव्हतो."

कोलेट ऑन्टारियोतच, पण फ्रेंच घरात वाढलेली. मूळच्या फिनलंडच्या सासूचं आणि आर्नीचं फिनिश बोलणं तिनं वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं, पण शिकली नव्हती. सासू गेल्यावर आर्नीही ती भाषा कोणाशी बोलला नाही. बोलायला उरलं कोण होतं? ती भाषा मिटली असंच तिनं धरलं होतं.

"माझं नाव होतं त्यात?"

ओरेस्टचा जबडा हलला. "मी खूप आठवून पाहिलं. खरंच. तुझं नाव असतं तर मला कळलं असतं, कोलेट. भाषा कुठलीही असो, नाव कळतं."

"हं."

"एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला वाटलं कोणाचं नाव असेल. ओवि कीन्नि. ओवि कीन्नि. असं काहीतरी."

हे तिला ओळखीचं होतं. सासू लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिच्यावर ओरडली होती हेच, ती सामान घेऊन आत येताना मागचं दार उघडं टाकून आली म्हणून. त्या घरात आल्यागेल्या प्रत्येकावर, पोरांवर, कुत्र्यावर ती हेच ओरडायची.

"नाव नाही ते," कोलेट म्हणाली. "दार लाव. दार लाव म्हणत होता. थंडी लागत असेल त्याला."

ओरेस्टनं मान वळवली. विचार न करता, झटक्यात, उजवीकडे, पुरी वळवली आणि तिच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दार नव्हतंच," तो म्हणाला. "त्या बाजूला दारच राहिलं नव्हतं, कोलेट."

कोलेट उठली, त्याच्या मागे गेली आणि त्याच्या खांद्यांवर हात ठेवले. आत्ता एवढी वळवलेली मान पुन्हा धरेल, हे तिला माहीत होतं. ती धरू नये म्हणून काय करायचं तेही माहीत होतं. तिनं अंगठा मणक्याच्या कडेला लावला, हलका आधार दिला आणि म्हणाली, "पुन्हा वळव. मी आहे इथे. पुन्हा." तो वळवत राहिला, रडत राहिला. ती आधार देत राहिली. काम कधी झालं ते तिच्याही लक्षात आलं नाही.

मे महिना संपता संपता ओरेस्टची मान जवळजवळ पूर्वीसारखी झाली. त्यानं आधी घराच्या गल्लीत गाडी काढली, मग गावात. एका सकाळी दवाखान्याला स्वतः गाडी चालवत आला, डार्लीन शेजारी. लोक कोलेटला दुकानात थांबवून म्हणायचे, काय हात आहेत गं तुझे. ती मान डोलवायची.

पण तिनं त्याला सोडलं नाही. दर मंगळवारी वेळ देत राहिली. आता करण्यासारखं थोडंच उरलं होतं, तरी ती त्याला आडवं घ्यायची, डोक्याखाली हात सरकवायची आणि विचारायची, "आणखी काय म्हणाला? आवाज सांग नुसता. अर्थ नको." तो डोळे मिटून आठवायचा. एखादा आवाज द्यायचा, मग म्हणायचा, नाही, हे मी आत्ता बनवलं. त्याचं डोकं आता तिच्या तळव्यात पुरं जड बसत होतं. तो प्रामाणिकपणे शोधत होता आणि त्याच्याकडे काही नव्हतं, हेही तिला बोटांतून कळत होतं. तरी ती पुढच्या मंगळवारी तेच विचारायची.

जूनमध्ये डार्लीन एकटी आली. या वेळी तिनं उभ्या उभ्याच सांगितलं.

"सोमवार आला की तो जेवत नाही, कोलेट. मंगळवार यायचा म्हणून. तुला नाही म्हणायची त्याची हिंमत नाही, म्हणून मी म्हणते. मान बरी झाली त्याची. तुझे उपकार आयुष्यभर विसरणार नाही. पण आता पुरे कर गं."

रागावावं असं काही कोलेटला सापडलं नाही.

"हो," ती म्हणाली. "बरी झालीय. मीच सांगणार होते."

ओरेस्ट पुन्हा आला नाही. उन्हाळ्यात ती दोघं मुलीकडे विनिपेगला जाऊन आली, तिकडेच घर बघतायत असं कोणीतरी म्हणालं. पोस्टात भेटला की ओरेस्ट टोपी काढायचा आणि काहीतरी बोलायला तोंड उघडायचा. ती हवेबद्दल बोलून पुढे जायची.

ऑगस्टमध्ये तोइवोनेन बाई खांदा घेऊन आल्या. ऐंशीच्या पुढच्या, आर्नीच्या आईच्या मैत्रिणींपैकी उरलेल्या बहुधा शेवटच्या. त्यांच्या काखेखाली हात घालून सांधा सैल करता करता कोलेटनं सहज विचारल्यासारखं केलं, थंडीला तुमच्यात काय म्हणतात? म्हातारी खूश झाली. "अगं, एवढ्या वर्षांनी? आइनोची सून शेवटी फिनिश शिकणार!" मग दर खेपेला त्या चार शब्द द्यायच्या आणि पुढच्या खेपेला विचारायच्या, चुकलं की हातावर चापट मारायच्या. थंडी. बर्फ. पाय. आई. घरी. ये. थांब. दिवा.

कोलेट गाडीत, चुलीशी, पेशंटच्या पाठीवर हात ठेवून ते शब्द मनात म्हणायची. सुरुवातीला तिला वाटलं होतं की शब्द आले की ती त्या गाडीत जाऊन बसू शकेल. पण झालं उलटंच. जसजसे शब्द वाढले तसतसं आर्नी काय काय बोलला असेल तेही वाढत गेलं. आई, दिवा लाव. आई, मी घरी आलो. आई, थांब. प्रत्येक शब्दाबरोबर नवं वाक्य होत होतं, आणि त्या एकाही वाक्यात तिला स्वतःला कुठे ठेवायचं ते सापडत नव्हतं.

सप्टेंबरच्या अखेरीला, बर्चची पानं पिवळी पडून खिडकीला चिकटत होती तेव्हा, तोइवोनेन बाईंनी टेबलावर बसता बसता विचारलं, "बरं, आज कुठले शब्द हवेत?"

"आज राहू देत," कोलेट म्हणाली. "हात वर करा बघू. किती जातो?"

"का गं? कंटाळलीस?"

"नाही हो. डोक्यात बसत नाही माझ्या."

म्हातारीनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि हात उचलला. हात कानापर्यंत गेला, तिथे अडला. कोलेटनं एक तळवा खांद्यावर ठेवला, दुसऱ्यानं कोपर तोलून धरलं आणि सांधा आपणहून जितका येईल तितकाच, हळूहळू, वर न्यायला लागली.